गाडीला जीपीएस बसवायचा आहे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बॅटरीवर लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, की बाईकवर रस्ता दाखवणारं यंत्र लावायचं असेल तर त्याबद्दल कधीतरी विचारा. लोकांनी 'कधीतरी'ची वाट पाहिली नाही. मेळघाटापासून एटापल्लीपर्यंतची पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले, लांबलेले कापले. माझं दुकान आर्णीला, काम दुचाकी आणि ट्रॅक्टरच्या वायरिंगचं. त्यामुळे नकाशाच्या आधी माझा हात वायरीकडे जातो. तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यात पशुवैद्यकीय काम करतो. लसीकरणासाठी रोज वेगवेगळ्या गावांत, पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, जावं लागतं. गाडी शंभर सीसीची. एक मित्र म्हणतो, मोबाईल कामाचा नाही, बाईकचा खास नेव्हिगेटर घे. पतसंस्थेतून कर्ज काढून घ्यावा का?

उत्तर : कर्ज काढू नका, डॉक्टरसाहेब.

बाईकसाठीच केलेला नेव्हिगेटर, म्हणजे गार्मिनचा झुमो किंवा टॉमटॉमचा रायडर, वाईट नसतो. उलट फार विचार करून घडवलेली वस्तू आहे. भर उन्हात पडदा दिसतो, हातमोजे घालून बोट चालतं, पावसात भिजला तरी बिघडत नाही. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी सोय म्हणजे त्याला करंट त्याच्या स्टँडमधूनच मिळतो, चार्जिंगची पिन बाहेर लोंबत नाही. पैसे मोजायचे ते या सोयींचे. झुमो एक्सटी २०२० मध्ये अमेरिकेत आला तेव्हा ५०० डॉलरचा होता. कर आणि भाडं चढून तो आपल्या हातात येईपर्यंत तेवढ्यात एखादी जुनी, बऱ्यापैकी पळणारी स्प्लेंडर येते. कोणी परदेशातून आणून दिला तर त्यात बहुतेक वेळा भारताचा नकाशाच नसतो, तो वेगळा घालावा लागतो.

पण तुमची अडचण पडद्याची नाहीच. तुम्हाला जायचं आहे पोडावर. उपग्रहावरून एवढंच कळतं की तुम्ही पृथ्वीवर कुठं उभे आहात. तिथून पुढं रस्ता कुठून जातो हे नकाशा काढणाऱ्यानं सांगायचं असतं, आणि त्यानं ते पोड बघितलेलं नसतं. महागातला सेट घ्या की पाच हजारांचा फोन, दोघांच्या पडद्यावर त्या जागी कोरं रानच दिसणार.

म्हणून माझा सल्ला असा : घरात कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन काढा. बॅटरी फुगलेली नाही एवढं बघा. फुगली असेल तर तो फोन गाडीवर तर नकोच, घरातही नको. सिमकार्डाची गरज नाही. जीपीएसचा रिसीव्हर फक्त ऐकतो, उपग्रहाला काही पाठवत नाही, त्यामुळे नेटवर्क नसलं तरी तो चालतो. त्या फोनमध्ये ऑसमँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स घाला. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालतात. २००४ पासून जगभरचे लोक तो नकाशा स्वतः भरताहेत, आणि त्यात आपल्या भागातल्या वाटा तुम्हीही भरू शकता. महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर एकदा उतरवला की पुढं इंटरनेट लागत नाही.

आता खरं काम. पहिल्यांदा एखाद्या पोडावर जाल तेव्हा कोणीतरी गावातला माणूस मागं बसलेला असतोच. त्या दिवशी ऑसमँडमध्ये ट्रॅक नोंदवायला लावा. परत आल्यावर त्याला नाव द्या. नुसतं 'पोड' लिहू नका, पोडाचं नाव, कुठून वळलो आणि महिना असं लिहा. ही जीपीएक्स फाईल असते, ती गार्मिनमध्येही चालते आणि सहकाऱ्याच्या फोनमध्येही. वर्षभरात तुमच्याकडं सगळ्या तालुक्याच्या वाटा जमतील, आणि तुमची बदली झाली की पुढच्या माणसाला त्या देऊन जाता येईल. सरकारी कपाटाच्या चाब्या आपण जबाबदारीनं सोपवतो, वाटा मात्र डोक्यात घेऊन निघून जातो.

महिना लिहा म्हटलं त्याला कारण आहे. एप्रिलमध्ये नोंदवलेली पांदण जुलैत रस्ता नसते. नकाशावर डांबरी आणि पांदण यांत रेषेच्या जाडीएवढाच फरक दिसतो. काळ्या मातीत तो फरक मडगार्डात बसतो आणि चाक फिरेनासं होतं. पावसाळ्यासाठी वेगळे ट्रॅक ठेवा, लांबचे असले तरी चालतील. वाटेत रपटा, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, असेल तर त्या जागी खूण टाकून ठेवा. कुठल्याही कंपनीचा नकाशा रपट्यावर किती पाणी आहे ते सांगत नाही.

उन्हाचंही बोलायला पाहिजे, कारण विदर्भात फोन पावसानं मरतात त्याहून जास्त मे महिन्यात मरतात. ॲपलनं आपल्या फोनसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सांगितली आहे. इतरांचंही थोड्याफार फरकानं तसंच. आपल्याकडं पंचेचाळीसच्या वर पारा जातो, आणि पडदा पूर्ण उजेडात, वरून ऊन, खालून चार्जिंग. मग फोन आपणहून पडदा अंधुक करतो, चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो. दुपारी चार्जिंगची पिन काढून ठेवा, सकाळी नऊच्या आत चार्ज करून घ्या. फोनचं जाड कव्हर काढा. पारदर्शक खिडकीची ती बंद पिशवी मिळते ना, ती पावसापुरती ठेवा. उन्हात तिच्यात फोन शिजतो. पडदा सतत पेटता ठेवायचीही गरज नाही, वळण जवळ आलं की उजळेल अशी सोय ऑसमँडमध्ये आहे.

खास नेव्हिगेटर मी कोणाला सांगतो? दिवसच्या दिवस, चार-चार राज्यं, पावसात-थंडीत गाडीवर काढणाऱ्याला. त्यांनी जरूर घ्यावा. लस टोचायला तुम्हाला हातमोजे लागतात, पण ते वेगळे.

प्रश्न : भाऊ, माह्याकडं २००८ची स्प्लेंडर हाये. मोबाईलचा चार्जर हेडलाईटच्या वायरीवर जोडला तर जळाला. दुसरा लावला, तोही जळाला. मेकॅनिक म्हणते चार्जरच बोगस हाये. तिसरा घेऊ का? — केळापूर तालुक्यातून

उत्तर : तिसरा घेऊ नका, आधी वायर बदला.

तुमच्या गाडीचा हेडलाईट बॅटरीवर चालत नाही. तो मॅग्नेटोच्या कॉइलवरून सरळ एसी करंटवर चालतो. म्हणून तर गाडी हळू झाली की उजेड मंद होतो आणि रेस दिली की वाढतो. चार्जरला लागतो डीसी, आणि तोही स्थिर. एसीवर जोडला की तो टिकणार कसा? हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा मात्र बॅटरीवर चालतात. करंट तिथून घ्यायचा.

सोपी जागा ब्रेकच्या स्विचची. चाबी लावली की त्याच्या एका वायरवर करंट येतो. हिरो आणि होंडाच्या गाड्यांत चाबीनंतरची पॉझिटिव्ह काळी असते आणि अर्थ हिरवी असते. पण अठरा वर्षांच्या गाडीत मधल्या काळात कोणी काय जोडलं असेल ते देवाला माहीत, म्हणून रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावा. इंजिन बंद, चाबी चालू : साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजे. इंजिन सुरू करून रेस द्या : साडेतेरा ते साडेचौदा. पंधराच्या वर जात असेल तर तुमचं आरआर युनिट, म्हणजे करंट काबूत ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, गेलेलं आहे. ते बदलल्याशिवाय चार्जर काय, काहीच जोडू नका. बल्ब पुन्हा पुन्हा उडत असतील तर त्याचंही कारण तेच.

हिशेब एकदा मनात करून घ्या. पाच व्होल्ट दोन अँपिअरचा चार्जर म्हणजे दहा वॅट. बारा व्होल्टच्या बाजूनं तो साधारण एक अँपिअर ओढतो. तुमच्या गाडीची बॅटरी अडीच-तीन अँपिअर-अवरची. इंजिन चालू असेल तर काही त्रास नाही. चाबी चालू, इंजिन बंद आणि तुम्ही चहाला बसलात, तर तासाभरात हॉर्नचा आवाज बसतो. त्यामुळे करंट चाबीनंतरच घ्यायचा, बॅटरीवरून थेट नाही, म्हणजे चाबी काढली की चार्जरही बंद.

फ्यूज दोन अँपिअरचा, आणि तो करंट जिथून घेतला त्याच्या वीतभर अंतरात. लोक फ्यूज चार्जरजवळ लावतात. मग मधल्या सगळ्या वायरला संरक्षण राहत नाही. टाकीखाली ती घासून बॉडीला टेकली तर फ्यूजला कळतही नाही आणि वायर जळते. रांग्याची झाल (सोल्डर) एकटी नको. कंपनं होतात तिथं झालीच्या काठाशी वायर तुटते. जोड चिमट्यानं दाबून (क्रिम्प करून) त्यावर आकसणारी नळी चढवा. काळी टेप तर नकोच. आपल्या उन्हात तिचा गोंद वितळून उतरतो आणि जोड उघडा राहतो.

वायर मूळ हार्नेसच्या बाजूनं टाकीखालून न्या, ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबलपासून लांब. बांधण्याआधी हँडल डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जाते का. हे न बघता बांधलेली वायर महिन्यात मानेपाशी तुटते, आणि गिऱ्हाईक म्हणतं यंत्र खराब. गाडी गोठ्यात लावत असाल तर उंदरांचं बघा. सरकी-ढेपेच्या वासानं ते येतात आणि वायरी कुरतडून जातात. लवचिक प्लॅस्टिकच्या पन्हाळी नळीतून वायर नेली तर पुष्कळ वाचते.

नवीन गाड्यांबद्दल दोन-तीन जणांनी विचारलं आहे, त्यांनाही इथंच सांगतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत इंजिनाचा सगळा कारभार ईसीयू नावाचा छोटा संगणक सांभाळतो. त्याच्या किंवा सेन्सरच्या वायरीला टाचणी टोचून करंट शोधू नका. एप्रिल २०१७ पासून दिवा कायम चालू राहणाऱ्या गाड्या आल्या, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा दिवा डीसीवर चालतो. तरी जोड ब्रेकच्या स्विचवरच घ्या. दिव्यात गडबड झाली तर रात्री रस्त्यात उभं राहावं लागेल, ब्रेकलाईटचा फ्यूज उडाला तर निदान घरी पोचाल. वॉरंटी चालू असेल तर वायर न कापता कपलरमध्ये बसणारा जोड मागा.

प्रश्न : माझी बुलेट आहे, परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणं-येणं असतं. फोन हँडलवर लावतो. आता त्याच फोननं फोटो काढला की धूसर येतो, कॅमेऱ्यातून खडखड आवाज येतो. गाडीमुळं होतं का?

उत्तर : होतं. ॲपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच तसा इशारा दिला होता. फोटो हलू नये म्हणून आजकाल कॅमेऱ्याची भिंग चुंबकांच्या जोरावर तरंगती ठेवलेली असते. मोठ्या इंजिनाची कंपनं चॅसीतून, हँडलमधून फोनमध्ये जातात आणि ती रचना हळूहळू खराब होते. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलवर फोन लावूच नका असं ॲपलचं म्हणणं. मोपेड-स्कूटरवर लावला तर कंपन शोषणारा माउंट, म्हणजे फोन धरणारी पकड, वापरा असं. हे एका कंपनीच्या फोनपुरतं नाही. भिंग तरंगती असेल तिथं धोका तोच.

तुमचा कॅमेरा दुरुस्त होईल असं मला वाटत नाही, मॉड्यूल बदलावं लागेल. पुढच्यासाठी सांगतो : घाटंजीच्या डॉक्टरांना सांगितलं तेच, जुना फोन. स्वस्तातल्या फोनच्या कॅमेऱ्यात ही तरंगती भिंग सहसा नसते, म्हणून तो बुलेटवर जास्त टिकतो. चांगला फोन खिशात राहू द्या.

कंपन शोषणाऱ्या माउंटमध्ये रबराच्या चार गुटक्या असतात. दाबून बघा, दगडासारख्या कडक असतील तर नुसती शोभा आहे. बहुतेक हँडलांची जाडी २२ मिलिमीटर, पण बुलेटचं हँडल मधोमध आणि कडेला सारखं नसतं, म्हणून माउंट घेताना गाडी दुकानाशी न्या. क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला, क्लॅम्प घसरत नाही आणि क्रोमही वाचतो. गोल गुंडीवर फिरणारा, अलनचावीनं आवळायचा धातूचा माउंट घ्या. झटक्यात उघडतो तो प्लॅस्टिकचा पंजा चिखलदऱ्याच्या घाटात एखाद्या खड्ड्यावर तितक्याच झटक्यात उघडेल.

रॉयल एन्फील्डच्या काही गाड्यांत २०२० पासून ट्रिपर नावाची छोटी गोल चकती येते. ती फोनशी ब्लूटूथनं जोडायची आणि फोन खिशात ठेवायचा, चकतीवर फक्त वळणाचा बाण आणि अंतर दिसतं. मला ही कल्पना आवडते. गाडी चालवताना माणसाला बाणापलीकडं काही लागतही नाही.

प्रश्न : मी एटापल्ली तालुक्यात शिक्षक आहे. आलापल्ली सोडलं की नेटवर्क जातं, ते कधी येईल सांगता येत नाही. अशा ठिकाणी जीपीएस चालेल का? कधी कधी जागा दाखवायला फार वेळ लावतो. आणि नाविकचा काही उपयोग होईल का?

उत्तर : चालेल, सर. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्यासाठी एटापल्ली आणि नागपूर सारखेच. चार उपग्रहांचा आवाज एकदम ऐकू आला की रिसीव्हर जागा सांगतो.

वेळ लागतो त्याचं कारण वेगळं आहे. कुठला उपग्रह नेमका कुठं आहे याची माहिती उपग्रह स्वतःच सांगत असतो, पण फार सावकाश. स्वतःपुरतं सांगायला त्याला तीस सेकंद लागतात, सगळ्या ताफ्याचा ढोबळ तक्ता सांगायला साडेबारा मिनिटं. नेटवर्क असलं की फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात घेतो. नसलं की बसून ऐकावी लागते, आणि मध्येच तुम्ही सागाच्या दाट रानात शिरलात की ऐकणं तुटतं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आलापल्लीला नेटवर्कमध्ये असतानाच नकाशा उघडा, ठिपका स्थिर होऊ द्या, मग निघा. ती माहिती काही तास पुरते. मध्ये फोन बंद करू नका. वाटेत हरवलाच ठिपका, तर झाडाखाली थांबू नका, धुऱ्यावर किंवा मोकळ्या माळावर थांबा.

तुम्ही नाविकबद्दलही विचारलं आहे. ती आपल्या इस्रोची यंत्रणा. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. २०१६ मध्ये तिला हे नाव मिळालं. आताच्या बऱ्याच फोनच्या चिपमध्ये जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ असं सगळं एकत्र असतं, काहींत नाविकही. जितके उपग्रह जास्त, तितकं झाडीत बरं. पण केवळ नाविकसाठी नवा फोन घ्यायचा खर्च करू नका.

पावसाळ्याचं तुम्ही मला सांगण्याइतके जाणता. भामरागडला पर्लकोटा चढली की रस्ता बंद, आणि नकाशा मात्र तीच निळी रेघ दाखवत राहतो. निघण्याआधी पलीकडच्या गावात फोन लावून विचारणं, याला पर्याय नाही.

प्रश्न : आर्वीहून कारंज्याला साखरपुड्याला निघालो. फोननं कारंजा घाडगेला नेलं, साखरपुडा होता कारंजा लाडला! परतीला समृद्धीवर न्यायला लागला, तिथं बाईकला सोडत नाहीत. असं का होतं?

उत्तर : साखरपुडा गाठला की नाही ते लिहिलं नाही तुम्ही.

एक कारंजा वर्धा जिल्ह्यात, दुसरं वाशीम जिल्ह्यात, आणि आर्वीकरासाठी घाडगे जवळचं. यंत्रानं जवळचं उचललं. कळंबचं तसंच, माळेगावचं तसंच, पिंपळगाव आणि खडकी तर विचारूच नका. गावाचं नाव टाकल्यावर 'निघा'चं बटण दाबण्याआधी अंतर वाचा आणि नकाशा बोटांनी लहान करून रेघ कुठल्या दिशेला चालली ते बघा. कारंजा लाडला गुरुमंदिर आहे, ते टाकलं असतं तरी नेमकं गेलात असता.

त्याहून पक्कं म्हणजे अक्षांश-रेखांश. यजमानानं व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलं की ते उघडून आकडे कागदावर उतरवून घ्या. आपल्या विदर्भात पहिला आकडा १८ ते २२ च्या मध्ये आणि दुसरा ७५ ते ८१ च्या मध्ये असला पाहिजे. नसला तर काहीतरी उलटंसुलटं झालंय. दशांशानंतर चार आकडे घेतले तर चूक दहा-बारा मीटरच्या आत राहते. मांडव तेवढ्यात दिसतो.

समृद्धीचं सोपं आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या त्या महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे. तुमचा नकाशा चारचाकीवर लावलेला होता. गूगल मॅप्समध्ये डिसेंबर २०१७ पासून आपल्याकडं दुचाकीचा वेगळा पर्याय आहे, बाईकचं चित्र असतं, ते निवडा. दुसरं ॲप किंवा नेव्हिगेटर असेल तर 'टोल टाळा' हे चालू करा. तरीही इंटरचेंजकडं वळायला सांगितलं तर वळू नका. सरळ जात राहा, ते आपोआप दुसरा रस्ता काढतं.

प्रश्न : मी गटप्रवर्तक आहे, दारव्हा तालुक्यात स्कूटीनं फिरते. स्कूटीचं हँडल सगळं प्लॅस्टिकमध्ये, फोन लावायचा कुठं? आणि पोलीस धरतील का?

उत्तर : ताई, आरशाच्या बोल्टाखाली. आरसा सोडवून त्याखाली बसेल असा पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हात मिळतो, त्यावर माउंट. डावीकडच्या आरशाला लावा, म्हणजे उजव्या हाताला ॲक्सिलरेटर सोडावा लागत नाही. यामाहाची गाडी असेल तर सांभाळून : काही गाड्यांच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात, जोर लावला की आटे खराब. माउंट लावल्यावर आरसा पुन्हा नीट जमवून घ्या, मागची गाडी दिसली पाहिजे.

कायद्याचं : १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत रस्ता बघण्यापुरता फोन वापरायची मुभा आहे, चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. हातात धरून बोलणं त्यात बसत नाही. आणि पोलिसांपेक्षा रोह्याची, म्हणजे नीलगाईची, भीती बाळगा. ताशी ६० च्या वेगात एक सेकंद पडद्याकडं बघितलं तर गाडी सोळा-सतरा मीटर पुढं गेलेली असते. संध्याकाळी तुरीतून रोही किंवा रानडुक्कर निघायला तेवढं अंतर पुष्कळ झालं. पत्ता टाकायचा असेल तर गाडी बाजूला लावा, स्टँडवर घ्या, मग टाका.

प्रश्न : नेव्हिगेटर आयपीएक्स-७ आहे. गाडी धुवायला देताना काढावा का?

उत्तर : काढा. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास. सर्व्हिसिंगच्या पंपाची धार ही निराळी परीक्षा आहे, त्यात ते यंत्र बसलेलंच नाही. स्टँडच्या पिनांवरही धार नको.

प्रश्न : शेतात गाडी लावतो, चोरीची भीती. जीपीएस बसवला तर गाडी कुठं आहे ते घरबसल्या दिसेल ना? — शेतकरी, दिग्रस

उत्तर : काका, वर ज्याबद्दल लिहिलं त्या यंत्रानं दिसणार नाही. ते चालवणाऱ्याला रस्ता दाखवतं. तुम्हाला हवा ट्रॅकर. त्यात जीपीएसबरोबर सिमकार्ड असतं. जागा उपग्रहावरून कळते आणि ती तुमच्या फोनवर नेटवर्कमधून येते. म्हणजे शेतात नेटवर्क नसेल तर नुसत्या उपग्रहाचा उपयोग नाही. आधी फोन घेऊन गाडीच्या जागी उभे राहा आणि कुठल्या कंपनीची दांडी येते ते बघा. स्वस्तातले बरेच ट्रॅकर टू-जी वर चालतात, आणि जिओचं टू-जी जाळंच नाही. तिथं जिओच येत असेल तर फोर-जी ट्रॅकर मागा.

हा एकच डबा मी बॅटरीवर थेट जोडतो, कारण चाबी काढल्यावरच त्याचं काम सुरू होतं. म्हणून तो उभ्या गाडीत किती करंट खातो ते दुकानदाराला विचारा. दहा मिलिअँपिअर म्हटला तरी ३ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी बारा-तेरा दिवसांत कोरडी होते; सेल्फ त्याच्या कितीतरी आधी बंद. पेरणी-सवंगणीच्या दिवसांत गाडी रोज फिरते, पण मधल्या काळात आठवडा-आठवडा उभी राहत असेल तर दोन दिवसांआड अर्धा तास सुरू करा. त्याला स्वतःची छोटी बॅटरी असलेला घ्या, म्हणजे चोरानं वायर कापली तरी थोडा वेळ बोलत राहील. सीटखाली लावू नका, चोर तिथंच आधी बघतो. हेडलाईटच्या मागं, टाकीच्या खाली, प्लॅस्टिकच्या आड, पण लोखंडाच्या पत्र्याखाली नको. पत्र्याआडून उपग्रह ऐकू येत नाही.

सिमचा रिचार्ज संपला की ट्रॅकर मुका होतो. तो नंबर आणि रिचार्जची तारीख घरात पोराला लिहून द्या.